छर्‍यांची बंदूक आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील सपाट शेतीप्रदेशात आणि अटलांटिक किनाऱ्यावरील दाट वस्तीच्या काही राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी रायफलऐवजी शॉटगन, म्हणजे मुळात उडत्या पक्ष्यांवर छर्‍यांचा सडा फेकण्यासाठी घडवलेली गुळगुळीत नळीची बंदूक, वापरली जाते, आणि ही प्रथा शिकाऱ्यांच्या आवडीतून नव्हे तर कायद्यातून पडली आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण, जे सांबर-चितळाप्रमाणे दरवर्षी शिंगे गाळणाऱ्या कुळातील आहे, ते एकोणिसाव्या शतकातील बेसुमार शिकारीमुळे या शेतीप्रदेशातून जवळजवळ नाहीसे झाले होते. संरक्षणानंतर त्याची संख्या सावरली आणि इलिनॉय राज्याने 1957 मध्ये शिकारीचा मोसम पुन्हा सुरू केला, तेव्हा हरणे परतली होती खरी, पण मका-सोयाबीनच्या त्या मैदानावर चुकलेली गोळी पोटात घेणारा डोंगरउतार नव्हता आणि घरे सर्वत्र विखुरलेली होती. त्यामुळे कित्येक मैल जाऊ शकणारी रायफलची गोळी नको आणि लवकर वेग गमावणारी शॉटगनची जड गोळी बरी, हा तर्क अशा प्रदेशांतील नियमांच्या मुळाशी राहिला.

हा तर्क पूर्णपणे निर्दोष नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी 2007 मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नळी वर उचलून झाडलेली रायफलची गोळी अधिक दूर जाते हे खरे असले, तरी जमिनीला समांतर झाडलेली शॉटगनची गोळी जमिनीवर आपटून उसळी घेते आणि एकूण अंतरात रायफलच्या गोळीलाही मागे टाकू शकते. त्यानंतरच्या वर्षांत नियम सैल होत गेले: ओहायोने 2014 मध्ये आणि आयोवाने 2017 मध्ये सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसांच्या रायफलींना मुभा दिली आणि इलिनॉयने 2023 पासून एका वेळी एकच काडतूस भरता येईल अशा रायफली मान्य केल्या. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स यांनी मात्र हरणासाठी रायफल दूरच ठेवली आहे. शिवाय एकाच बंदुकीवर हरीण, टर्की, बदक आणि ससा असे सर्व भागवण्याची सोय शॉटगनमध्येच आहे, त्यामुळे मर्यादित खर्चात पहिली बंदूक घेऊ पाहणाऱ्यासाठी तिची निवड हा आजही जिवंत प्रश्न आहे. आणि दुकानाच्या गल्ल्यावर तो बहुधा चुकीच्या टोकाकडून सोडवला जातो, कारण ग्राहक कंपनी आणि बोर विचारतो, नळी, माशी आणि दस्ता यांची चौकशी करत नाही.

बोर किंवा गेज हे माप उलट्या दिशेने चालते: एक पौंड शिशापासून नळीच्या व्यासाइतक्या जेवढ्या सारख्या गोळ्या होतील, तो आकडा म्हणजे बोर. म्हणून बारा बोरची नळी सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाची असते, तर वीस बोरची सुमारे 15.6 मिलिमीटरची, म्हणजे आकडा मोठा तितकी नळी बारीक. अपवाद .410 चा, जो प्रत्यक्ष इंचातील व्यास आहे. त्याची हलकी गोळी हरणासाठी अपुरी ठरण्याची शक्यता मोठी, आणि ‘मुलांची बंदूक’ म्हणून तो नवशिक्याच्या हाती देण्याची चाल नेमकी उलटी आहे, कारण कमी ताकदीची गोळी अचूक नेमाची अपेक्षा अधिक ठेवते.

हरणावर पक्ष्यांचे बारीक छर्रे निरुपयोगी असतात आणि केवळ जखमी करणारे असल्यामुळे बहुतेक ठिकाणी निषिद्ध असतात. जाड छर्रे, ज्यांना बकशॉट म्हणतात आणि ज्यांपैकी प्रचलित ‘डबल ऑट’ जातीचे सुमारे 8.4 मिलिमीटर व्यासाचे नऊ छर्रे बारा बोरच्या साध्या काडतुसात बसतात, ते आग्नेयेकडील राज्यांत, दाट झुडपांत कुत्र्यांनी उठवलेल्या हरणावर अजून वापरले जातात. अनेक राज्यांनी मात्र त्यांवर बंदी घातली आहे आणि जिथे बंदी नाही तिथेही त्यांचा भरवसा तीस-चाळीस यार्डांपलीकडे धरू नये. (यार्ड मीटरपेक्षा किंचित कमी, सुमारे 0.91 मीटर.) उरते ती स्लग, म्हणजे संपूर्ण काडतुसात भरलेली एकच जाड गोळी.

गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी फिरत नाही आणि न फिरणारी गोळी हवेत कलंडते, ही स्लगची मूळ अडचण. जर्मन बंदूककार विल्हेल्म ब्रेनेके याने 1898 मध्ये ती गोळीच्या मागे हलका डाट जोडून सोडवली: वजन पुढे आणि ओढ मागे राहिल्यामुळे गोळी तोंड पुढे ठेवूनच जाते. अमेरिकेत कार्ल फॉस्टर याने 1931 मध्ये याच तत्त्वाची अधिक स्वस्त आवृत्ती काढली, जिच्यात शिशाची गोळी मागून पोकळ ठेवली जाते आणि त्यामुळे ती बॅडमिंटनच्या फुलासारखी जड टोक पुढे करून उडते. फॉस्टर स्लगच्या अंगावर तिरक्या खाचा असतात, ज्यांमुळे ती गोळी गरगर फिरते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात फिरवण्याचे काम त्या नगण्य करतात आणि त्यांचा खरा उपयोग हा, की नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून जाताना गोळी दबून सुरक्षितपणे बाहेर पडते. हा अरुंद भाग म्हणजे चोक. पक्ष्यांसाठी छर्‍यांचा सडा आवळून धरणारा ‘फुल’ चोक स्लगसाठी अयोग्य असतो आणि ‘इम्प्रूव्ह्ड सिलिंडर’ हा मोकळा चोक बहुधा सर्वोत्तम ठरतो.

दुसरी सोडवणूक नळीच्या बाजूने झाली. शॉटगनच्या नळीतच रायफलीसारखे सर्पिल आटे कोरले आणि गोळी नळीपेक्षा बारीक करून तिला प्लॅस्टिकचे आवरण, म्हणजे सेबो, घातले, की आटे आवरणाला पकडून गोळी फिरवतात आणि बाहेर पडताच आवरण गळून पडते. साध्या नळीतून फॉस्टर स्लगचा भरवशाचा पल्ला पन्नास ते पंचाहत्तर यार्डांचा, तर आट्यांच्या नळीतून सेबोचा शंभर ते दीडशे यार्डांचा. सेबो साध्या नळीतून झाडली तर ती फिरत नाही, आडवी जाते आणि महाग काडतूस वाया जाते. उलट फॉस्टर आट्यांच्या नळीतून झाडली तर शिशाचा थर आट्यांत साचतो. येथे खोक्यावरील मजकूर नवशिक्याला फसवतो, कारण ज्यावर ‘रायफल्ड स्लग’ असे छापलेले असते ती गुळगुळीत नळीसाठीच असते.

बारा की वीस, या वादात दुकानदाराचा कल बहुधा बाराकडे असतो आणि त्याला आधार आहे: एक औंसाची (सुमारे 28 ग्रॅमची) फॉस्टर स्लग सेकंदाला 480 मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि जवळच्या पल्ल्यात तिच्यापुढे कोणतेही हरीण उभे राहत नाही. पण तीन किलोच्या बंदुकीतून तेवढे शिसे तेवढ्या वेगाने फेकण्याची किंमत खांदा देतो. लांब काडतुसाच्या, म्हणजे तीन इंची मॅग्नम स्लगचा धक्का तर हरणासाठीच्या सर्वसाधारण रायफलींपेक्षा जास्त असतो, आणि नवशिक्या दोन-चार गोळ्यांतच चाप ओढण्याआधी डोळे मिटू व खांदा आखडू लागतो. ही सवय एकदा जडली की कोणतीही नळी तिच्यावर उपाय करू शकत नाही. वीस बोरची सेबो धक्क्याने सौम्य, शंभर यार्डांपर्यंत पुरेशी आणि सरावाला सुसह्य असते. म्हणून केवळ हरणाचा विचार असेल तर वीस बोर आणि आट्यांची नळी ही जोडी बारा बोरच्या मॅग्नमपेक्षा शहाणपणाची आहे. बदके आणि टर्की यांचाही बेत असेल तर बारा बोर घ्यावी, मात्र हरणासाठी तिच्यात साधे पावणेतीन इंची काडतूसच भरावे.

यंत्रणेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. स्वस्तात सर्वांत भरवशाची रचना पंपाची, ज्यात नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे चढते. 1950 मध्ये आलेली रेमिंग्टन 870 आणि 1961 ची मॉसबर्ग 500 या दोन पंप बंदुका खेड्यापाड्यांतील घरांत इतक्या पसरल्या आहेत, की त्यांच्या नळ्या, दस्ते आणि सुटे भाग कोठेही मिळतात. मॉसबर्गचीच धाकटी बहीण मॅव्हरिक 88 बहुधा तीनशे डॉलरांच्या आत मिळते आणि नळीखालचे काडतूसघर सारख्या लांबीचे असेल तर 500 च्या अनेक नळ्या तिला बसतात; ही गोष्ट किंमतपत्रिकेत दिसत नाही, पण स्वस्त बंदुकीला पुढे आट्यांची नळी जोडण्याचा मार्ग तिच्यामुळे मोकळा राहतो. मॉसबर्ग 500 पक्ष्यांसाठीची लांब नळी आणि हरणासाठीची 24 इंची आट्यांची नळी अशा जोडीनेही विकली जाते, आणि पहिली बंदूक म्हणून या जोडीइतका हिशोबी सौदा विरळा. सॅव्हेज 220 ही वीस बोरची बोल्टची बंदूक अचूकतेत या सर्वांच्या पुढे असली तरी तिची किंमतही तशीच आहे आणि पक्ष्यांसाठी ती कामाची नाही.

खरे लक्ष द्यावे ते नेम धरण्याच्या साधनांकडे. पक्ष्यांच्या बंदुकीला नळीच्या टोकावर केवळ एक मणी, म्हणजे माशी, असते, कारण उडत्या पक्ष्यावर बंदूक झुलवायची असते, रोखायची नसते. त्या एकट्या माशीवर स्लग झाडताना गाल दस्त्यावर किंचित वर-खाली झाला तरी गोळी पन्नास यार्डांवर वीतभर सरकते, आणि हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा वेध्य भाग सुमारे वीस सेंटीमीटर व्यासाचाच असतो. न्यू जर्सीच्या नियमांत स्लग वापरणाऱ्या बंदुकीला जुळवता येणारी मागची-पुढची माशी किंवा दुर्बीण सक्तीची आहे, आणि जिथे सक्ती नाही तिथेही हा नियम स्वतःवर लादून घेण्यासारखा आहे. दुर्बीण नळीवरच बसवलेल्या, मागे लांबलेल्या पट्टीवर असेल तर अधिक चांगले. नळी काढली-घातली तरी दोघींचा परस्परसंबंध फारसा बिघडत नाही. दुर्बिणीसाठी गाल थोडा उंच टेकावा लागतो, त्यामुळे नीच दस्त्यावर गालपट्टी चढवावी लागते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी सामान्यतः चौदा इंच असते, जी ठेंगण्या बांध्याच्या माणसाला, शिवाय नोव्हेंबरच्या जाड कोटावर, हमखास जास्त होते. अशा वेळी ‘यूथ’ म्हणून विकला जाणारा आखूड दस्ता प्रौढाने संकोच न करता घ्यावा.

जुनी बंदूक घेणे हा काटकसरीचा सरळ मार्ग आहे, पण त्यात एक-दोन खड्डे आहेत. मॉसबर्ग 835 ची पक्ष्यांची नळी मुद्दाम प्रमाणाबाहेर रुंद केलेली असते आणि तिच्यातून स्लग झाडू नये, असे उत्पादकच बजावतो. त्या बंदुकीला हरणासाठी आट्यांची नळी वेगळी घ्यावीच लागते, आणि मग स्वस्ताई संपते. एचअँडआरची ‘अल्ट्रा स्लग हंटर’ ही एकनळी, जड नळीची बंदूक मात्र जुन्या बाजारात दिसली तर सोडू नये. तिचे उत्पादन 2015 मध्ये थांबले, पण जाड नळीच्या वजनामुळे ती धक्का खाते आणि तिच्या किंमतीत तशी अचूकता दुसरीकडे क्वचित सापडते.

न्यू जर्सी, इलिनॉय, ओहायो येथे स्थायिक झालेल्या मराठी माणसांसाठी एक कायदेशीर बाब बंदुकीच्याही आधी येते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला असल्यामुळे या विषयाची कौटुंबिक जाण बहुतेकांपाशी नसते, आणि अमेरिकेचा संघीय कायदा एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीस बंदूक अथवा काडतूस बाळगण्यास मनाई करतो, मग ती बंदूक मित्राची का असेना. अपवादांपैकी एक असा, की त्या व्यक्तीजवळ अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असावा. परवान्यासाठी नवशिक्याला सहसा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, म्हणून अशा व्यक्तीच्या बाबतीत क्रम अभ्यासक्रम, परवाना आणि मग दुकान असाच राहतो. राज्याचा कायदा याहून कडक असू शकतो, आणि न्यू जर्सीत खरेदीदाराचे ओळखपत्र, तर इलिनॉयमध्ये बंदूकधारकाचे कार्ड लागते. ग्रीन कार्डधारकाला ही संघीय मनाई लागू नाही. किंमतीचा हिशेब करताना हेही लक्षात असावे, की लांब बंदुका व काडतुसांवर 11 टक्के संघीय उत्पादन कर आधीच चढलेला असतो, जो 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

बंदुकीनंतर जो पैसा उरतो तो काडतुसांवर जावा, आणि म्हणूनच सारी थैली बंदुकीवर रिकामी करू नये. प्रत्येक नळी एखाद्या जातीच्या स्लगशी जुळते आणि दुसरीशी जुळत नाही, आणि हे कागदावर कळत नाही. तीन-चार जातींची पाच-पाचांची खोकी घेऊन टेकूवरून झाडून पाहावे लागते. सेबोची खोकी फॉस्टरपेक्षा कितीतरी महाग असल्याने हा शोध खिशाला जाणवतो. साध्या नळीचा नेम पन्नास यार्डांवर बसवला तर बारा बोरची फॉस्टर शंभर यार्डांवर साधारण 12 ते 15 सेंटीमीटर खाली उतरते, म्हणून त्या नळीने शंभरवर हरीण टिपण्याचा मोह आवरावा. जी जात जुळली तिची पुढच्या मोसमाचीही खोकी तेव्हाच घेऊन ठेवावीत. उत्पादक भार बदलतात, कधी जातच बंद करतात, आणि मग नेम पहिल्यापासून बसवावा लागतो.