उत्पन्नाचा दाखला

परवा तलाठ्यांसमोर बसलो असता त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी गडबडून गेलो. "सर, लिखाणातून किती मिळतात?" तीन कादंबऱ्या लिहिलेला मी माणूस, पण या प्रश्नाचे उत्तर कधी आकड्यांत मांडले नव्हते. "शून्य धरा," मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, तेवढी करुणा आजवर एकाही टीकाकाराने दाखवलेली नाही!

दाखला हवा होता मुलीसाठी. तिला नागपूरला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. मी स्वतः मॅट्रिक. बल्लारपुरातल्या एका लहानशा खासगी शाळेत चिमुकल्यांची अक्षरे गिरवून घेतो. पोटापुरते मिळते, पण पोट आणि नागपूर ही दोन्ही एका पगारात मावत नाहीत.

दाखला हातात पडला आणि मला १९९५ साल आठवले. त्या वर्षी मी मॅट्रिक झालो. बाबा कागद कारखान्यात बांबूच्या कामावर होते. अकरावीला चंद्रपूरला जायचे, तर फी, पुस्तके, येण्याजाण्याचा पास, सगळेच आले. आमच्या गुरुजींनी ई. बी. सी. सवलतीचा अर्ज आणून दिला. ही सवलत १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झाली. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत, त्या घरातल्या मुलांना फी माफ. ही मर्यादा पुढे वाढत गेली, आणि खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले त्या तीन अक्षरांचा हात धरून पदवीधर झाली. बाबांनी अर्ज वाचला, त्याची नीट घडी घातली आणि तो मला परत दिला.

"मी गरीब आहो, असं सहीनिशी लिहून देऊ काय?"

माझे कॉलेज तिथेच संपले. आमचे गाव कागदाचे. जंगलातून बांबू यायचा, कारखान्यातून कागद बाहेर पडायचा. आयुष्यभर कागदासाठी राबलेला माणूस एका कागदाला भ्यायला, याचा मला कितीतरी वर्षे राग होता. माझ्या पहिल्या कादंबरीतला बाप फार कठोर आहे, असे वाचक म्हणतात, ते त्यामुळेच.

दरवर्षी १४ एप्रिलला मी मुलांना बाबासाहेबांची गोष्ट सांगतो. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. बाबासाहेबांनी त्यावर सही केली. त्या सहीने त्यांची मान तसूभरही खाली गेली नाही. ही गोष्ट सांगताना दरवर्षी मला बाबांनी घडी घातलेला तो अर्ज आठवतो.

आता दिवस पालटले आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकारने माफ केली. फीची काळजी अशी मिटली. पण वसतिगृह, खाणावळ, पुस्तके हे शिल्लकच! म्हणून आम्ही कर्ज काढायचे ठरवले. पहिल्या बँकेतल्या साहेबांनी विचारले, "तारण काय देता?" मी घराकडे मनातल्या मनात पाहू लागलो, तोच मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही." साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या." आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो.

तिथे अर्ज पुढे आला. अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढणार. चार वर्षांनी नोकरी मिळेल का? न मिळाली तर? अर्जात या प्रश्नांना रकाना नव्हता. कर्जदार म्हणून पहिले नाव तिचे. सहकर्जदार म्हणून त्याखाली माझे. तिने सही केली, तेव्हा तिचा हात स्थिर होता. माझा थोडा थरथरला. बाबा त्या वेळी कशाला भ्याले असतील, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले. रागाची तीस वर्षे फुकट गेली.

संध्याकाळी कागदांची प्रत घरी आणली. बाबा आता ऐंशीला टेकले आहेत. त्यांनी ती मागून घेतली. दिसत फारसे नाही; म्हणून पान अंगठा नि बोटांच्या मधे धरून हलकेच चोळून पाहिले, जन्मभराच्या सवयीने.

"सही कोणाची?"

"आधी तिची. मग माझी."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जागा असन त् माझीही घे."

जागा नव्हती. तरी मी पेन त्यांच्या हातात दिले. समासात, तिच्या नावाशेजारी, बाबांनी आपले नाव हळूहळू लिहिले. बँकेच्या हिशेबी त्या सहीला किंमत शून्य. ती प्रत मी दिवाळीच्या पूजेत वहीशेजारी ठेवणार आहे.