गुरूच्या पदरीं साठ पराजय

गेल्या महिन्यांत एके रात्रीं पानें वाढलीं असतां आमच्या पुतण्यानें बातमी सांगितली कीं, त्याच्या कॉलेजांत बास्केटबॉल शिकविण्यास नवे गुरुजी आले आहेत. आम्हीं सहजच विचारलें, "त्यांच्या संघानें आजवर सामने किती जिंकले?" आमटी भुरकतां भुरकतां चिरंजीव म्हणाले, "काका, ज्या गृहस्थानें हा खेळ काढला, त्याच्याच खातीं जिंकण्यापेक्षां हरण्याचे आंकडे अधिक आहेत." पोर थट्टा करीत आहे असें वाटून वहिनींनीं त्याच्यावर डोळे वटारले, परंतु ती थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशीं आम्हीं शोध घेतला, आणि जें हातीं लागलें त्यानें आमची दोन रात्रींची झोंप उडविली. तिचें कारण पुढें येईल.

गृहस्थाचें नांव जेम्स नेस्मिथ. जन्म १८६१ सालचा, कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत. नऊ वर्षांचा असतांना विषमज्वरानें आईबाप पाठोपाठ गेले व पोरका मुलगा मामाच्या घरीं वाढला. मॉन्ट्रियलला त्यानें धर्मशास्त्राचें अध्ययन केलें. पण व्याख्यानापेक्षां आखाड्यांत माणूस अधिक घडतो असें त्याच्या मनानें घेतलें, आणि तो अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकशाळेंत आला. १८९१ च्या हिवाळ्यांत तेथील १८ जणांचा एक वर्ग कवाइतीला इतका विटला होता कीं, दोन शिक्षकांनीं हात टेकले. तेव्हां विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनीं नेस्मिथला १४ दिवसांची मुदत देऊन छपराखालीं खेळतां येईल असा नवा खेळ काढावयास सांगितलें.

त्यानें केलेला विचार मोठा मार्मिक आहे. चेंडू घेऊन धांवूं दिलें कीं अंगावर धडका येणार, म्हणून धांवणेंच बंद. गोल समोर ठेवला कीं जोरदाराचें फावणार, म्हणून तो डोक्यावर. लहानपणीं खडकावर ठेवलेला दगड दगडानेंच पाडण्याचा एक खेळ तो खेळत असे (आपल्या लगोरीचा चुलतभाऊच म्हणाना). त्यांत ताकदीनें भिरकावलेल्या दगडापेक्षां हलक्या हातानें, कमानीसारखा वर टाकलेला दगड अधिक कामाचा ठरे. ती आठवण येथें उपयोगी पडली. शाळेच्या शिपायानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या १० फूट उंचीच्या सज्जाला ठोकल्या. १३ नियम भिंतीवर लागले. पहिल्या खेळांत दोहों बाजूंस नऊ नऊ खेळाडू, आणि सबंध खेळांत चेंडू टोपलींत पडला तो एकदांच!

पुढें हा मनुष्य वैद्यकाचीहि पदवी मिळवून १८९८ सालीं लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठांत आला. प्रार्थना चालविणें व व्यायाम शिकविणें हीं त्याचीं कामें. त्याच्या संघानें ३ फेब्रुवारी १८९९ रोजीं पहिला सामना खेळला, तो १६ विरुद्ध ५ असा हरला. १९०७ पर्यंतचा हिशेब ५५ विजय, ६० पराजय. त्या विद्यापीठाच्या संघाला आजवर लाभलेल्या गुरुजींत तोट्याचें खातें आहे तें एकट्या नेस्मिथचें. कित्येकदां तर तो स्वतःच पंच होऊन शिटी घेऊन उभा राही. आपला संघ आणि परका संघ हा भेद मग उरणार कोठें?

त्याचा शिष्य फॉरेस्ट अॅलन हा खेळ शिकविण्याची नोकरी धरूं लागला, तेव्हां हा खेळ शिकवावयाचा नसतो, नुसता खेळावयाचा असतो, अशा अर्थाचें कांहींतरी गुरूनें त्यास ऐकविलें म्हणतात. शिष्यानें तें मानलें नाहीं, हें बरेंच झालें. गुरूच्याच जागेवर बसून त्यानें त्या विद्यापीठासाठीं ५९० सामने जिंकले.

आम्हांस मात्र अधिक चटका लावला तो दुसऱ्या शिष्यानें. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णी मुलगा तेथें शिकावयास आला. कातडीच्या रंगापायीं त्याला संघांत घेत ना. नेस्मिथनें त्याला आपल्या छायेखालीं घेतलें आणि शिक्षक होण्याच्या वाटेला लावलें. याच मॅक्लेंडनच्या टेनेसीच्या संघानें १९५७, १९५८ व १९५९ अशीं तीन वर्षें ओळीनें एन. ए. आय. ए. ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तें पाहावयास गुरु उरला नव्हता. तो १९३९ सालींच वारला. हे विजय कोणाच्या खातीं मांडावयाचे?

आतां आमच्या झोंपेचें कारण. तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर होतों. तेथील ड्रिलमास्तर मितभाषी, सरळ. त्यांचा संघ तीन वर्षें ओळीनें हरला. सामना हातचा जात असतांहि कडेला बसलेल्या एखाद्या किडकिडीत पोराला ते मैदानांत उतरवीत. कोणी हटकलें तर, "तोहि याच शाळेचा," एवढेंच म्हणत. आम्हीं जिंकल्या-हरल्या सामन्यांचा तक्ता करून मंडळापुढें ठेविला. ठराव आमचा, विरोध कोणाचाच नाहीं. मास्तर दोन ओळींचा राजीनामा देऊन गेले. तक्ता फार सुबक झाला आहे, असें त्या दिवशीं सर्वांनीं म्हटलें, आणि आम्हांस त्याचा अभिमानहि वाटला.

कॅन्ससच्या त्या क्रीडागृहाला आज अॅलनचें नांव आहे, आणि आंतील खेळाच्या जमिनीला नेस्मिथचें. पुतण्यानें हें सांगितलें त्याच दिवशीं आमच्या त्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मास्तरांचा पत्ताहि काढून आणला. ते हयात आहेत. आम्ही पत्र लिहावयास बसलों. 'स. न. वि. वि.' लिहिलें तें खोडलें, आणि 'सा. न. वि. वि.' असें लिहिलें. त्यापुढें कागद अद्यापि कोरा आहे.