बसणारा गॉगल

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पोहायला शिकू लागले. गावी मळ्यातल्या विहिरीत माझे दोन्ही भाऊ पोहायला शिकले ते पाठीला वाळलेला भोपळा बांधून. वडील काठावर उभे असत, काका पाण्यात असत आणि मी पायऱ्यांवर भावांचे कोरडे कपडे सांभाळत बसलेली असे. मुलींनी विहिरीत उतरू नये, असा नियम कोणी केलेला नव्हता. तो प्रश्नच कोणाला कधी पडला नव्हता, मलासुद्धा. पुढे शिक्षण, नोकरी, संसार आणि प्रबंध यांत चार दशके निघून गेली. गुडघे कुरकुर करू लागले तेव्हा डॉक्टरांनी पोहण्याचा सल्ला दिला आणि मी जलतरण तलावावर दुपारच्या महिलांच्या बॅचमध्ये नाव नोंदवले.

भावांना विहिरीत गॉगल लागला नव्हता. मला लागला. तलावाच्या पाण्यातील क्लोरीनने डोळे चुरचुरत, हे एक कारण. दुसरे असे की, माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे. चष्मा काढून पिशवीत ठेवला की पलीकडची भिंत नाहीशी होई आणि शिकवणाऱ्या ताईंच्या चेहऱ्याचा केवळ एक फिकट ठिपका उरे. पाण्याखाली तर उत्तम दृष्टीच्या माणसालाही धूसर दिसते. डोळ्याच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो, त्यावर हवेतून येणारा प्रकाश चांगलाच वळतो आणि त्यामुळे आत रेखीव प्रतिमा उमटते. पाणी आणि तो पडदा यांची प्रकाश वळवण्याची क्षमता जवळजवळ सारखी असल्याने पाण्यातून येणारा प्रकाश तिथे फारसा वळतच नाही. म्हणून डोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा एक थर ठेवावा लागतो. गॉगलचे खरे काम ही कोंडलेली हवा करते. काच फक्त तिला धरून ठेवते. ती हवा निसटली की गॉगल असून नसल्यासारखा.

हे ज्ञान मला पुढे झाले. पहिला गॉगल घेताना मी काहीच विचारले नाही. खेळाच्या साहित्याच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने सहज विचारले, “नातवासाठी पाहिजे का?” माझ्यासाठीच हवा आहे, हे सांगताना मला उगाचच संकोच वाटला. त्याने ‘फ्री साइज’ असे छापलेली डबी पुढे केली. डोळ्यांवर लावून न पाहताच मी पैसे दिले आणि बाहेर पडले.

पहिल्याच दिवशी डाव्या डोळ्यात पाणी शिरले. मी पट्टा एक खाच आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरले, पुन्हा आवळला. आठवड्याभरात कपाळ ठणकू लागले. डोळ्यांभोवती उमटलेली दोन लाल वर्तुळे संध्याकाळच्या तासापर्यंत तशीच राहत आणि समोरचे विद्यार्थी शब्दयोगी अव्ययांऐवजी माझ्या चेहऱ्याचा अभ्यास करत. पाणी मात्र येतच राहिले. तिसऱ्या आठवड्यात खोल भागाच्या सीमेवर डावा डोळा एकाएकी भरला. पाणी पुसण्यासाठी मी पाय खाली टेकवायला गेले आणि पायाखाली जमीन नव्हती. नाकातोंडात पाणी गेले. हाताला दोर लागला म्हणून वाचले. तोवर जीवरक्षक मुलीनेही उडी घेतलीच होती. काठावर बसून खोकताना मी ताईंना म्हणाले, “मला पोहणं जमायचं नाही. वय झालं आता.”

ताई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. वयाच्या मुद्द्याकडे त्यांनी लक्षच दिले नाही. “मॅडम, पट्टा डोक्यावरून काढा आणि गॉगल नुसता डोळ्यांवर दाबून सोडा,” त्या म्हणाल्या. मी दाबला आणि सोडला. तो लगेच मांडीवर पडला. त्यांनी पिशवीतून आपला गॉगल काढून दिला. तो पट्ट्याशिवाय चार-पाच क्षण चेहऱ्याला चिकटून राहिला आणि मग अलगद सुटला. “आता कळलं? पट्ट्याचं काम फक्त गॉगल जागेवर ठेवण्याचं. पाणी अडवतो तो काचेभोवतीचा मऊ कडा. तो चेहऱ्याला सगळीकडून टेकायला हवा. तुमच्या नाकाचा पूल रुंद आहे, म्हणून आतल्या कोपऱ्यात फट राहते. पट्टा ओढला की कडा वाकतो आणि फट वाढते. चेहरा काही बदलता येत नाही, मॅडम. गॉगल बदला.”

घरी जाताना रिक्षात माझ्या मनात दोन वाक्ये घोळत होती: ‘मला पोहणे जमत नाही’ आणि ‘मला गॉगल बसत नाही’. दोन्हींची घडण एकच. दोन्हींत ‘मला’ हे चतुर्थीचे रूप आहे आणि क्रियापद माझ्याप्रमाणे चालत नाही. मी स्त्री असले तरी ‘मला गॉगल बसला’ आणि ‘मला टोपी बसली’ असेच आपण म्हणतो. बसण्याची क्रिया गॉगलची. मी तिचे केवळ स्थान. इतकी वर्षे मी ही रचना वर्गात फळ्यावर मांडत आले. तरीही तलावाच्या काठावर मी नेमके चुकीचे वाक्य उच्चारले होते, आणि जी उणीव वस्तूची होती ती माझ्या वयाच्या खाती लिहून मोकळी झाले होते.

पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात गेले आणि आरशासमोर उभी राहून एकामागून एक सात गॉगल लावून पाहिले. केस मागे बांधले होते. चेहऱ्याला क्रीम लावले नव्हते, कारण तेलकट त्वचेवर कडा घसरतो. प्रत्येक गॉगल पट्ट्याशिवाय हलका दाबायचा आणि सोडायचा. तीन लगेच पडले. दोन चिकटले, पण त्यांचा कडा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टोचत होता. एक रुंद होता. तो खोबणीच्या बाहेर गालाच्या हाडावर टेकत होता. काहींना तोच सोयीचा वाटतो, माझ्या अरुंद गालांवर मात्र तो खालून उचलला जाई. सातव्याची नाकपट्टी बदलता येत होती आणि डबीत लहानमोठ्या तीन पट्ट्या होत्या. त्यांतली सर्वांत रुंद पट्टी लावली आणि गॉगल बसला. पापण्या मिटून उघडल्या. पापणीचे केस काचेला लागत नव्हते. त्यानंतरच पट्टा डोक्यावर चढवला, तोही कानांच्या वरच्या बाजूने, गॉगल सरकणार नाही इतकाच. त्याच बनावटीत तयार नंबरच्या काचा मिळत होत्या. माझ्या नंबराची जोडी निवडली. तलाव उघड्यावर असल्याने काच किंचित काळसर घेतली. बंदिस्त तलावावर जाणाऱ्याने पारदर्शक घ्यावी.

दुकानदाराने पावतीवर ‘स्विमिंग चष्मा’ असे लिहिले. गॉगल म्हटले की आपल्याकडे उन्हाचा काळा चष्माच आठवतो, म्हणून त्याने ही तोड काढली असावी. मला ती आवडली. फारसीत ‘चश्म’ म्हणजे डोळा आणि ‘चश्मा’ म्हणजे पाण्याचा झराही. डोळा आणि पाणी या शब्दात आधीपासूनच शेजारी राहत आले आहेत. माझी अडचण इतकीच होती की, त्यांना एकमेकांपासून जरा दूर ठेवायचे होते.

ही अडचण माझ्या एकटीची नव्हती. 1926 साली इंग्लिश खाडी पोहून पार करणारी पहिली स्त्री, गर्ट्रूड एडर्ली, हिने आपल्या गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या, असे वाचले तेव्हा मला तिच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. चेहऱ्याला साजेसा कडा मिळाला नाही, म्हणून तिने तो स्वतः घडवला.

संपर्कसत्रांना दर वर्षी चाळिशी ओलांडलेल्या काही विद्यार्थिनी येतात. दिवसभराचे काम उरकून त्या बसतात आणि वही पुढे करत हळूच सांगतात, “बाई, मला व्याकरण जमत नाही.” त्यावर माझे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते: “आणखी सराव करा.” म्हणजे पट्टा आणखी एक खाच आवळा. त्यांतल्या काही जणी पुढच्या सत्राला आल्या नाहीत. त्या का आल्या नाहीत, हे मी कधी विचारले नाही. आता मी आधी वही मागते, कोणते पुस्तक वाचता, किती वाजता वाचता, उदाहरणे कुठली घेतली आहेत, ते पाहते. कोणाला पुस्तकातली उदाहरणे परकी वाटतात. त्यांना मी त्यांच्या स्वयंपाकघरातली, शेतातली, दवाखान्यातली वाक्ये घ्यायला सांगते. सराव लागतोच, पण तो बसलेल्या गॉगलने करायचा असतो.

नव्या गॉगलने पहिल्या दिवशी पाण्यात डोके घातले, तेव्हा तळाच्या निळ्या फरशा, त्यांमधली काळी रेघ आणि माझे स्वतःचे हात दिसले. पाण्यात वस्तू थोड्या जवळ आणि मोठ्या भासतात. माझे हात मला अनोळखी आणि बळकट वाटले. विहिरीच्या पायरीवरून मला पाण्याचा फक्त वरचा पृष्ठभाग दिसत असे. भावांनी आत काय पाहिले असेल, याची कल्पना मला पहिल्यांदाच आली.

आता मी पंचवीस मीटर न थांबता पोहते. पोहून झाल्यावर गॉगल साध्या पाण्यात विसळून सावलीत वाळवते. आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून दिलेला लेप बोटाने पुसत नाही. कधीकधी डाव्या डोळ्यात एखादा थेंब अजूनही येतो. तेव्हा मी काठ धरते, गॉगल उचलते आणि पुन्हा नीट बसवते. पट्ट्याला हात लावत नाही.