वीतभर वाघिणीमागची आगगाडी

मालगाडीच्या डब्याला आपण ‘वाघीण’ म्हणतो. इंग्रजी ‘वॅगन’चे हे मराठमोळे रूप. माझ्या संग्रहातल्या वाघिणी मात्र अगदी माणसाळलेल्या. वीतभराहून थोड्या लांब, खेळण्यातल्या! अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९५३ पासून खऱ्याखुऱ्या रेल्वे कंपन्यांची नावे व रंग ल्यालेल्या बंद वाघिणींची एक मालिकाच काढली. तीतली १९५५ सालची एक माझी विशेष लाडकी. वर पिवळी, खाली हिरवी, अंगावर नाव ‘रटलंड’.

हे रटलंड आहे तरी कसे, ते पाहावे म्हणून न्यूयॉर्कला गाडीत बसलो. हडसन नदी कितीतरी वेळ डाव्या हाताला सोबत करते. मग डोंगर दाटू लागतात आणि व्हरमाँट राज्य येते. संगमरवराचा आणि दुभत्याचा हा मुलूख. इथले दूध रटलंड कंपनीच्या गाड्या थेट न्यूयॉर्कला पोचवीत. पुढे ट्रक आले आणि कंपनीची मिळकत आटली. १९५३ च्या संपानंतर उतारूंच्या गाड्या बंद झाल्या, १९६१ च्या संपाने मालगाड्याही थांबल्या आणि १९६३ मध्ये कंपनीच उठली. म्हणजे दिवाणखान्यात ही वाघीण धावू लागली, तेव्हा खऱ्या रटलंडला उतारू केव्हाच पारखे झाले होते!

पण राज्य सरकारने मुख्य मार्गाचा बराच भाग विकत घेतला. १९६४ पासून त्यावर दुसऱ्या कंपनीच्या मालगाड्या सुरू झाल्या आणि २०२२ मध्ये, तब्बल एकोणसत्तर वर्षांनी, रटलंडहून बर्लिंग्टनला उतारूंची गाडीही पुन्हा धावली. तिनेच मी पुढे गेलो. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “लहानपणी या रुळांवर नुसता माल जाताना पाहायची. आता नातवाकडे जाते ती याच रुळांवरून.”

बर्लिंग्टनजवळ याच कंपनीचा दुसरा एक मार्ग शॅम्प्लेन सरोवरात बांध घालून बेटांवर नेला होता. बांधाला धोंडे संगमरवराचे! त्यावरचे रूळ मात्र उखडले गेले. आता तिथे सायकली फिरतात. दोन्ही अंगांना निळे पाणी, मध्ये मी. पूर्वीच्या पुलाच्या जागी खिंडार आहे. उन्हाळ्यात तेवढ्यापुरती होडी मिळते.

तिथे उभे राहून वाटले, कंपन्या येतील आणि जातील. रूळ जागेवर ठेवले तर गाडी परतते, उखडले तर परतत नाही.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी नायगाऱ्याच्या जोडीला दोन दिवस या गाडीसाठी काढावेत. जमल्यास ऑक्टोबरात जावे. तेव्हा तिथली झाडे लाल-केशरी होतात, आणि खिडकीशी बसून दिवाळी पाहावी तसे वाटते.