मखर, मेस्त आणि मोटर

आमच्या मये येथील घरी चवथीला गणपती ज्या मखरात बसतो ते मखर फणसाच्या लाकडाचे आहे. दोन बाजूंच्या दोन फळ्या, त्यांवर चढत गेलेली कमळवेल, आणि वर एक साधी कमान. एवढाच त्याचा पसारा. दोन वर्षांमागे पावसाळ्यात माळ्यावरून ते खाली उतरविताना उजवी फळी आमच्या हातात भुसा होऊन आली. वाळवीने आतले सारे लाकूड खाऊन वरची रंगाची साल तेवढी जागच्या जागी ठेवली होती. डावी फळी दैवयोगाने धड राहिली. तिच्याबरहुकूम उजवी घडवून घ्यावी म्हणून घरोब्यातल्या मेस्तांना बोलाविले. त्यांनी वेलीवरून बोट फिरविले आणि उजवा हात आमच्यापुढे धरला. तो कापत होता. अधिक काही बोलावे लागले नाही.

जुन्या गोठ्याचा एक वासा आमच्यापाशी होता. तो चिरल्यावर दोन फळ्या निघाल्या. तसे मुरलेले, तांबूस पडलेले फणसाचे लाकूड आज पैसे टाकूनही मिळत नाही. तेव्हा हातात संधी होत्या त्या दोनच, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

घरातील तरुण मंडळींनी सुचविले की आपण संगणकाच्या आज्ञेने कोरणारे यंत्र, ज्याला सीएनसी म्हणतात, ते घरीच बांधू. कल्पना नवी नव्हे. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे असे पहिले यंत्र लोकांना दाखविण्यात आले. त्या काळी त्याच्या नियंत्रणाची कपाटे खोलीभर होती. आज तेच काम तळहाताएवढी पट्टी करते. यंत्राचा सांगाडा डिचोलीतील एका लेथवाल्याने बनवून दिला. खाणी बंद पडल्यापासून त्याच्याकडे ट्रकांची कामे कमी झाली होती, म्हणून त्याने हे काम आवडीने केले. सांगाड्याविषयी आमची तक्रार नाही. आमची परीक्षा झाली ती मोटरी निवडताना.

या यंत्रांत बहुधा स्टेपर मोटर वापरतात. ती अखंड फिरत नाही, पायरी पायरीने सरकते. एका फेऱ्यात २०० पायऱ्या. तिला जोडलेला स्क्रू फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पायरीला ०.०२५ मिलिमीटर अंतर पडते. कमळाच्या पाकळीला एवढी सूक्ष्मता पुरेशी आहे. बाजारात या मोटरी ‘नेमा २३’ अशा नावाने मिळतात. आम्ही आधी तो २३ बळाचा आकडा समजलो होतो! वस्तुतः मोटरीचा दर्शनी चौकोन २.३ इंचांचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही काय केले, तर जाहिरातीत जिच्यापुढे सर्वांत मोठा जोर छापला होता ती मोटर घेतली. ३ न्यूटन-मीटर! आणि तिला २४ व्होल्टांचा पुरवठा जोडला, कारण तो घरात पडून होता. थर्मोकोलवर यंत्र झकास चालले. मग पहिली फळी बसविली, नारळ फोडला, आणि दुपारपर्यंत वेल अर्ध्यावर चढलीही. त्यानंतर कोरणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वेगाने परतत असता मोटरीने घरघर असा आवाज केला. आम्ही दुर्लक्ष केले. त्या क्षणापासून पुढची सारी वेल सव्वाचार मिलिमीटर बाजूला सरकून कोरली गेली. देठ एकीकडे आणि कळी दुसरीकडे.

मेस्त उंबऱ्यावर बसून पाहत होते. ते म्हणाले, “बाबा, तुजें यंत्र वाट चुकलां. आनी चुकलां हें ताका कळना.”

त्या रात्री आम्ही जो हिशेब मांडला तो खरेदीपूर्वी मांडावयास हवा होता. छापलेला जोर हा मोटर उभी असतानाचा. धावू लागली की तो ओसरतो. कारण असे, की प्रत्येक पायरीला वेटोळ्यांतील प्रवाह बदलावा लागतो, आणि वेटोळे प्रवाहाला सहजासहजी आत येऊ देत नाही. या अडवणुकीचे माप म्हणजे इंडक्टन्स. आमच्या मोटरीत ते ६.८ मिलिहेन्री होते. परतीच्या वेगात मोटर मिनिटाला ८०० फेरे घेई, म्हणजे एका पायरीला सेकंदाचा हजारावा भागही पुरता मिळत नसे. त्याचे जेमतेम तीन-अष्टमांश. तेवढ्या वेळात २४ व्होल्ट ढोबळ हिशेबाने सव्वा अँपिअर प्रवाह आत ढकलू शकतात, आणि मोटरीला हवे होते ३. अर्धपोटी मजुराकडून ओझे वाहून घ्यावे तसा हा प्रकार. फळी लाकडाच्या कठीणपणाने बिघडली नव्हती, रिकाम्या धावेत बिघडली होती.

जाणकारांत एक ठोकताळा आहे: मिलिहेन्रींच्या वर्गमुळाला ३२ने गुणावे, म्हणजे त्या मोटरीला मानवणाऱ्या व्होल्टांची वरची मर्यादा मिळते. आमच्या मोटरीचे उत्तर ८३ आले. आमचा ड्रायव्हर, म्हणजे मोटरीला प्रवाह वाटून देणारी पेटी, ५०च्या वर सोसणारा नव्हता. तेव्हा जोरावर न भुलता कमी इंडक्टन्सची मोटर पाहणे हाच मार्ग उरला. २ न्यूटन-मीटरची, सुमारे २ मिलिहेन्रींची मोटर घेतली व ३६ व्होल्ट दिले. ४८ दिले नाहीत, कारण धावती मोटर एकदम थांबते तेव्हा ती स्वतःच वीज मागे ढकलते. तेवढी जागा राखावी लागते. कागदावर तोकडी दिसणारी ही मोटर वेगात पहिलीपेक्षा कितीतरी खंबीर निघाली.

पण मेस्तांचे वाक्य मनातून जाईना. साधी स्टेपर आंधळी असते. आज्ञा दिली, म्हणजे पाऊल पडलेच असे ती गृहीत धरते. म्हणून जास्तीचे पैसे मोजून आम्ही मागे एन्कोडर असलेली मोटर घेतली. तो प्रत्येक फेऱ्याचे ४००० भाग मोजतो, आणि आज्ञा व प्रत्यक्ष स्थिती यांत मर्यादेबाहेर अंतर पडले की ड्रायव्हर लाल दिवा लावून थांबतो. त्या गजराची तार आम्ही नियंत्रकाच्या ‘थांब’ या संकेताला जोडली, म्हणजे एक मोटर थांबली की सारे यंत्र थांबावे.

नियंत्रकासाठी आर्डुइनोची पट्टी आणि तिच्यावर ‘ग्रब्ल’ हा फुकट मिळणारा कार्यक्रम घेतला. तो सेकंदाला ३० हजारांपर्यंत ठोके देतो. पायरीचे जितके बारीक तुकडे करावे तितके काम नाजूक, हा आणखी एक भ्रम. आठ तुकडे केले तर आमच्या वेगाला २१ हजारांवर ठोके लागत. सोळा केले असते तर ४२ हजार, आणि नियंत्रकाची धाव तेथेच संपली असती.

तारांची हकीकत थोडक्यात सांगतो. कोरणीची मोठी मोटर सुरू होताच टोकाचे स्विच खोटेच ‘टोक आले’ म्हणून ओरडत. जाळीची तार वापरून तिची जाळी एकाच बाजूला भूमीला जोडली, स्विच नेहमी जोडलेले व टोकाला तुटणारे असे बसविले, तेव्हा ते शहाणे झाले. वीज चालू असताना मोटरीची तार उपटू नये, हा धडा एक ड्रायव्हर जाळून घेतला. त्याचा वास घरात दोन दिवस होता. आणि मयेतील पावसाळी वीज! ती गेली की यंत्राला आपण कोठे आहोत याची शुद्ध राहत नाही, म्हणून पुन्हा मूळ स्थानी जाऊन मोजायला लावणारे स्विच हवेतच.

देवाच्या वस्तूला यंत्र लावावे का, असे शेजारच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले. आम्हांलाही मोटरीवर वाजणारा नगारा आणि घंटा रुचत नाहीत. भक्ताचा हात तेथे हवा. मखरासंबंधी आम्ही मेस्तांवर सोपविले. त्यांनी वाटणी करून दिली: वेलीचा उठाव यंत्राने काढावा, पानांच्या शिरा आणि कमळांचे केसर त्यांच्या पटाशीसाठी सोडावे.

दुसरी, म्हणजे शेवटची फळी बसविली त्या दिवशी आम्ही उपाशीच होतो. वेल तीन-चतुर्थांश झाली आणि परतीच्या धावेत यंत्र खाडकन थांबले. लाल दिवा. फळी आवळण्यासाठी कोपऱ्यात बसविलेल्या लोखंडी शिकंज्यावर कोरणीचे डोके आपटले होते. चूक आमची, शिकंजा दोन बोटे आत लावला गेला होता. कोरणी मोडली, पण लाकडावर ओरखडा नव्हता. कोरणी बदलली, यंत्राला मूळ स्थानी नेले आणि थांबल्या ओळीपासून पुढे चालविले. देठ आणि कळी यांच्या सांध्यावर मेस्तांनी नख फिरवून पाहिले.

“आतां ताका चूक कळटा,” ते म्हणाले, आणि पटाशी मागितली.

सकाळच्या पहिल्या तासाला त्यांचा हात बराच स्थिर असतो. तेवढ्या वेळात ते रोज चार-पाच पाने करतात. आम्ही शिकंजे आता लाकडाचे करून घेतले आहेत.