चाणीप चेतेसद चाक?

नियम साधा होता. शब्दातलं पहिलं व्यंजन काढायचं, शब्दाच्या शेपटीला लावायचं आणि मोकळ्या झालेल्या जागी 'च' बसवायचा. स्वराला हात लावायचा नाही. पाण्याचं चाणीप, पैशांचं चैसेप, नाटकाचं चाटकन. 'पाणी देतेस का' म्हणजे 'चाणीप चेतेसद चाक'. सत्तरच्या दशकात सांगलीत वाढलेल्या आम्हा मुलांना ही 'च'ची भाषा कुणी बसवून शिकवली नाही. कांजिण्यांसारखी ती एका उन्हाळ्यात मोठ्या भावंडांकडून धाकट्यांना लागायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरभर झालेली असायची.

कागदावर लिहून बघितली तर ती अगदीच खुळी दिसते. कुणीही दोन मिनिटांत उलगडून दाखवेल. तिची सगळी मजा कानात होती. शब्दाची किल्ली शब्दाच्या शेवटी असल्यामुळे ऐकणाऱ्याला अख्खा शब्द कानात धरून ठेवावा लागे आणि शेवटचं अक्षर आलं की झर्रकन मागे जाऊन तो सरळ करावा लागे. तोवर बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असे. त्यात दोन शब्दांमधली फट बुजवून टाकली, की नवख्याला शब्द कुठे संपला हेच कळत नसे. माझी एक आतेबहीण यात पटाईत होती. ती 'चाणीपचेतेसदचाक' एका दमात असं म्हणायची की आम्ही रोजचे बोलणारेसुद्धा अर्धा क्षण अडकायचो. हळू बोललेली 'च'ची भाषा ही भाषाच नव्हे, असं तिचं मत होतं आणि ते बरोबर होतं.

आणखी एक गंमत देवनागरीत दाखवताच येत नाही. मराठीत 'च' दोन: एक चाकातला, एक चहातला. लिहायला अक्षर एकच. आमच्या गल्लीत 'चाणीप'मधला 'च' चाकातला असे. सुट्टीला नागपूरहून येणारी चुलतभावंडं तोच चहातला म्हणायची. त्यांची 'च'ची भाषा आम्हाला बाहेरगावची वाटायची आणि आमची त्यांना. नियम तेच, शब्द तेच, तरी पहिल्याच अक्षराला कोण कुठला ते कळून चुकायचं. 'चिनेमास' आला की मात्र भांडण मिटायचं, कारण 'चि' म्हणताना सगळ्यांचीच जीभ टाळूला जाते.

भाषेला भोकंही होती. 'च'पासून सुरू होणारे शब्द लपतच नसत. चहाचं काय करणार? 'चहाच'! म्हणजे 'चहाच चाहिजेप' असं कुजबुजलं, तर स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, 'मिळणार नाही, दूध नासलंय.' भाकरीची 'चाकरीभ' व्हायची, गोळीची 'चोळीग'. स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांवर एकमत कधीच झालं नाही. आईचं 'चाईअ' करायचं की 'चाईआ', यावर गच्चीत वाद रंगत. 'तू' हा शब्द मोठ्या माणसांसमोर आम्ही मराठीतच ठेवायचो. का, ते ज्याचं त्यानं नियम लावून पाहावं.

दुसरी होती 'र्फ'ची भाषा. शब्दाच्या पहिल्या अक्षरानंतर 'र्फ' घुसवायचा आणि स्वर पुन्हा म्हणायचा. काय म्हणजे 'कार्फाय', मीठ म्हणजे 'मीर्फीठ'. गावोगावी, अगदी गल्लोगल्ली, हे नियम बदलत. मी सांगतो ते आमच्याकडचे. तिचा आवाज पूर्ण वेगळा. 'च' टकटक वाजायचा, 'र्फ' फरफर उडायचा. त्यातला 'फ' ओठ मिटून म्हणायचा फणसातला फ नव्हे. घाईत खालचा ओठ वरच्या दातांना लागून तो आपोआप फॅनमधला फ व्हायचा. इंग्रजीच्या तासाला फादर-फॅमिली घोकताना जो उच्चार मास्तरांना काही केल्या ऐकू येत नसे, तो दुपारच्या गच्चीत सगळ्यांच्या तोंडून सराईत निघे.

आजीला दोन्हीतलं अक्षर समजत नव्हतं. तरी 'कुठं निघालात रे' हे ती नेमकं वेळेवर विचारायची. पुढे लक्षात आलं: आम्ही शब्द बदलले होते, सूर नव्हता. प्रश्नाचा सूर वर जायचा तिथेच जायचा. लाडीगोडी लावताना शेवटचं अक्षर ओढलं जायचं, चोरटेपणात आवाज खाली यायचा, भांडणात वाक्यं तुटायची. आणि या सगळ्याला कृष्णाकाठचा हेल होता. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला, आत मराठी मुलं काहीतरी कट करताहेत, एवढं सांगायला तो पुरेसा होता.

मुलांचंच कशाला, मोठ्यांचीही अशी भाषा होती. दलालांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नंदभाषेची नोंद मोल्सवर्थच्या कोशात आहे. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोघांनी भाव ठरवायचा म्हणजे हा खटाटोप. नाहीतर उपरण्याखाली बोटं धरून बोलायचं होतंच. मी नंदभाषा कधी बोललेली ऐकली नाही, वाचलीच. पण 'अवारू', 'उधानू', 'मुळू' हे मोठ्यानं म्हणून पाहा: शेवटी सगळीकडे तो गुबगुबीत 'ऊ'. मराठी तोंडात बसणार नाही असं त्यात काही नाही. ज्यांनी हे आकडे घडवले, त्यांना ते बाजाराच्या गलक्यात, शेजारच्या गिऱ्हाइकाला संशय न येता, सहज बोलायचे होते.

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे कागदावर जन्मलेल्या भाषा. योहान मार्टिन श्लायर या जर्मन पाद्रीनं १८८०च्या सुमारास 'वोलापुक' ही जागतिक भाषा मांडली. चिनी लोकांना जड जाईल म्हणून त्यानं 'र' टाळायचा प्रयत्न केला, आणि ओठांचा चंबू करून म्हणायचे जर्मन वळणाचे स्वर मात्र ठेवले. त्या भाषेची मासिकं निघाली, मंडळं निघाली. तरी वोलापुकवाल्यांची पहिली दोन संमेलनं जर्मनमधून पार पडली. १८८९मध्ये पॅरिसला तिसऱ्या संमेलनात सगळा कारभार वोलापुकमधून करायचं ठरलं, आणि त्यानंतर ती चळवळ भांडणात विरत गेली.

एस्परांतोचं नशीब त्या मानानं चांगलं. वॉर्सात डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या झामेनहॉफनं तिचं पहिलं पुस्तक १८८७मध्ये काढलं. एका अक्षराला एकच उच्चार, आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अवयवावर. पुढची अनेक वर्षं लोक ती पुस्तकातून शिकले आणि पत्रांतून वापरत राहिले. फ्रेंच माणूस रशियन माणसाला पत्र लिही, दोघांनाही एकमेकांचा आवाज माहीत नाही. १९०५च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन गावी पहिलं जागतिक संमेलन भरलं, वीस देशांतून ६८८ माणसं आली, तेव्हा खरी परीक्षा झाली. मोलिएरचं एक नाटक वेगवेगळ्या देशांतल्या हौशी नटांनी मिळून एस्परांतोत केलं. ते लोकांना कळलं! प्रत्येकाच्या बोलण्याला आपापल्या देशाचा वास असणार, पण निभावलं. एस्परांतोबद्दल इतिहासकार शब्दसंग्रहाचं आणि आदर्शवादाचं पानंच्या पानं लिहितात. मला तो नाटकाचा प्रयोग जास्त मोठा वाटतो. आपल्या विनोबांनीही या भाषेचे धडे घेतले होते. त्यांच्या तोंडची एस्परांतो ऐकायला मिळायला हवी होती. गीता मराठीतून सांगणारा तो आवाज त्या भाषेत कसा लागला असता?

आता बनावट भाषांचे दिवस सिनेमानं आणलेत. १९७९च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात क्लिंगॉन योद्धे चार-दोन वाक्यं गुरगुरले. ती जेम्स डूहान या नटानं रचली होती. १९८४च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाला बोलावून त्यांवर अख्खं व्याकरण उभारलं गेलं. परग्रहवासी वाटावेत म्हणून त्यानं अमेरिकी कानांना चमत्कारिक असे उच्चार शोधून घातले. त्यातला एक आहे आपला ड, जीभ मागे वळवून म्हणायचा. हॉलिवूडच्या नटांनी त्या एका अक्षरासाठी किती घाम गाळला असेल! आपल्याकडे 'डबा' म्हणता येणाऱ्या कुठल्याही पोराला ते जन्मजात येतं. चित्रीकरणाच्या वेळी नट चुकायचे. चूक चांगली वाटली की ओक्रँड ती ठेवून देत आणि भाषेचा नियमच त्याप्रमाणे वळवत. इतकी शास्त्रशुद्ध भाषा, पण तिथेही शेवटी तोंडाचंच चाललं.

'बाहुबली'तली किलिकी मराठी मुलांच्या जास्त ओळखीची. २०१५मध्ये कालकेयांचा तो काळाकभिन्न सरदार पडद्यावर थुंकी उडवत बोलू लागला आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात महिनाभर कालकेयच फिरत होते. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी ही भाषा घडवली. साडेसातशेच्या आसपास शब्द आणि चाळीस नियम असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. मला भावली ती मुळातली गोष्ट. ऑस्ट्रेलियात शिकत असताना कार्की लहान मुलांना सांभाळण्याचं काम करत, आणि त्या मुलांशी खेळता खेळता त्यांनी शंभरेक शब्दांची एक भाषा रचली होती. किलिकीचं बीज ते. तिच्यात 'मिन' म्हणजे मी आणि उलटं करून 'निम' म्हणजे तू. ही तर आमची उलटी भाषा! शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांची नावं उलटी करून हाका मारायचो, तेच. किलिकीत जीभ टाळूला चिकटवून सोडल्याचे टकटक आवाजही आहेत. ते ऐकून लोकांना आफ्रिका आठवली. कुणाची कीव आली की मराठी माणूस जे चुकचुकतो, तो आवाज तरी दुसरा काय असतो? त्यालाही आपल्याकडे अक्षर नाही.

आजच्या या भाषा आमच्या 'च'पेक्षा शंभर पटींनी सरस आहेत, यात वाद नाही. त्यांना क्रियापदांचे काळ आहेत, शिव्या आहेत, कोश आहेत. डुओलिंगोवर २०१५पासून एस्परांतो आणि २०१८पासून क्लिंगॉन शिकता येते. किलिकीचंही संकेतस्थळ २०२०मध्ये निघालं. उच्चार ऐकायचा तर बोट लावलं की यंत्र म्हणून दाखवतं. पूर्वी बुलोनला जावं लागायचं. पण फोनमधला तो उच्चार एकाच माणसाचा असतो आणि शिकणाऱ्यानं त्याच्याजवळ जायचं असतं. 'च'ला असा कुणी मूळ बोलणारा नव्हता. नागपूरचा 'च' चूक आणि सांगलीचा बरोबर, हे ठरवणारं पुस्तकच नसल्यामुळे दोन्ही चालले. सिनेमातली भाषा मुलं ऐकतात फार आणि बोलतात दोन-तीन वाक्यं, तीही नटाच्याच घोगऱ्या आवाजात. त्या भाषेत कुणी कधी चोरून चिंचा मागितलेल्या मी ऐकल्या नाहीत.

'च'ची भाषा मेली असं म्हणायची माझी तयारी होती, पण पुण्यातल्या भाचीच्या मुलींनी ती गेल्या दिवाळीत मला बोलून दाखवली. कुठून लागली कोण जाणे, बहुधा शाळेच्या बसमधून. सूर पुणेरी, वेग बरा. अडचण वेगळीच आहे. त्यांचे निम्मे शब्द इंग्रजी, आणि इंग्रजी शब्द जोडाक्षरानं सुरू होण्यात पटाईत. स्कूलचं 'चूलस्क', स्ट्रॉबेरीचं 'चॉबेरीस्ट्र'. शब्दाच्या टोकाला लोंबणारं ते 'स्ट्र' म्हणता म्हणता दोघी हसत सुटतात आणि गुपित तिथेच फुटतं. म्हणून त्यांनी 'र्फ' धरलाय. तो कुठेही खपतो: 'होर्फोमवर्क', 'स्ट्रॉर्फॉबेरी', आणि फॅनमधला फ तर त्यांचा पाळण्यातला. धाकटी तरी अजून 'च'ला चिकटून आहे. परवा तिनं ब्रेडचं 'चेडब्र' केलं आणि आईनं डोळे वटारले. आईसमोर ब्र काढायचा नाही म्हटल्यावर बिचारीनं ब्रेड मागायचा तरी कसा?