रीस्टार्टच्या आधी

निकाल लागायच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसातून फोन येतो, "भाऊ, सर्व्हर लटकला भो!" फोन करणाऱ्याला एकच उपाय ठाऊक असतो, बंद करून चालू करायचा, आणि तो लागूही पडतो. थोडा वेळ सगळं सुरळीत, मग पुन्हा तोच फोन. जावा ॲप्लिकेशन सर्व्हर सांभाळायला शिकणाऱ्याची खरी परीक्षा या दोन फोनांच्या मधल्या वेळात असते. बाकीचं बहुतेक मॅन्युअलमध्ये सापडतं.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत जावा शिकवतात, सर्व्हलेट-जेएसपीची प्रॅक्टिकल्स होतात, टॉमकॅटचं ८०८० पोर्ट पोरांना तोंडपाठ असतं. पण प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि शेकडो माणसं एकदम तुटून पडलेली असताना तो उभा ठेवणं वेगळं. या दुसऱ्या कामाचा पेपर कुठे नसतो. एकेकाळी ते शिकायचं तर रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुणं गाठायचं, कारण वेबलॉजिक आणि वेबस्फिअर ही बडी प्रस्थं प्रत्यक्ष चालताना दिसायची ती मोठ्या कंपन्यांतच. मार्क फ्लरीने १९९९ मध्ये सुरू केलेल्या जेबॉसने ती अडचण बरीच कमी केली. २००६ मध्ये रेड हॅटने जेबॉस विकत घेतलं, तरी मुक्त आवृत्ती फुकटच राहिली. २०१४ पासून ती वाइल्डफ्लाय या नावाने येते आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते.

झिप उघडली, स्क्रिप्ट चालवली की सर्व्हर उठतो. ९९९० पोर्टवर कन्सोल असतो, पण आत शिरायला आधी ॲडमिन युजर स्वतः तयार करावा लागतो. नवशिक्या इथे रमतो आणि बटणं दाबत बसतो. त्यापेक्षा कन्सोलमधून एक सेटिंग बदलावं आणि स्टँडअलोन डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये नेमकी कोणती ओळ बदलली ते शोधावं. कन्सोलचं रूप आवृत्तीगणिक पालटतं, फाइलची ओळख मात्र कामाला येत राहते. अशाच वाचनात कळतं, की सोबत येणाऱ्या स्टार्टअप फाइलमध्ये हीपची कमाल मर्यादा, म्हणजे एक्सएमएक्स, अनेक आवृत्त्यांत ५१२ एमबीच ठेवलेली असते. मशीनमध्ये १६ जीबी रॅम टाकून "तरी स्लो का?" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खान्देशात आणखी एक विषय आपोआप शिकायला मिळतो: वीज. दीपनगरचं औष्णिक केंद्र भुसावळला खेटून असलं तरी मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की लाइट जायची ती जातेच. परत येते तेव्हा सगळी मशीनं एकदम उठतात. डेटाबेस अजून जागा होतोय तोवर सर्व्हर ॲप चढवू पाहतो, कनेक्शन मिळत नाही आणि डिप्लॉयमेंट फोल्डरमध्ये ‘फेल्ड’ शेपटीची छोटी फाइल पडते. आधी डेटाबेस, मग सर्व्हर, हा क्रम सिस्टिमडीमध्ये लिहून ठेवला की रात्री-बेरात्री धावपळ उरत नाही.

आता त्या लटकलेल्या सर्व्हरकडे. सीपीयू निवांत, मेमरी शिल्लक, तरी पान उघडत नाही. लॉगमध्ये मात्र एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते, की ठरलेल्या ३०,००० मिलिसेकंदांत एकही कनेक्शन मोकळं झालं नाही. डेटाबेसची कनेक्शनं सर्व्हर एका पूलमध्ये ठेवतो. वेगळं काही सांगितलं नाही तर ती जास्तीत जास्त २०. हा हिशोब गावकीच्या भांड्यांचा आहे: लग्न उरकलं की परत करायची, एकाने घरीच ठेवली तर पुढच्याचा मांडव अडतो. इथे भांडी घरी ठेवणारा असतो कुठला तरी विसराळू प्रोग्रॅमर, ज्याने क्लोज लिहिलेलं नसतं. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, कनेक्शन आपोआप बंद करणारी ट्राय-विथ-रिसोर्सेस सोय भाषेतच आहे, तरीही.

त्याला शोधायचं कसं? थ्रेड डंप घ्यायचा. सर्व्हर ज्या युजरने चालू केला त्याच युजरने जेस्टॅक चालवायचं, दहा-दहा सेकंदांनी दोन-तीनदा. विनंत्या हाताळणारे सगळे थ्रेड कनेक्शन मागण्याच्या एकाच ओळीवर ताटकळलेले दिसले, की संशय पूलवर. मग कनेक्शन मॅनेजरचा डीबग चालू ठेवायचा. तो विसरलेली कनेक्शनं स्वतः मिटवतो आणि लॉगमध्ये चक्क खडसावतो, की तुमचं कनेक्शन मी बंद करतोय, यापुढे तुमचं तुम्ही करा. खाली ते कनेक्शन कोडच्या कुठल्या ओळीवर उघडलं तेही छापतो. एवढा स्पष्टवक्ता सहकारी ऑफिसात मिळणं कठीण.

रीस्टार्टने यातलं नेमकं काय जातं? लॉग डिस्कवर राहतो, पण थ्रेडची ती अवस्था पुसली जाते. म्हणून घाईत असलेल्या साहेबांकडून दोन मिनिटं मागून घेता येणं हादेखील या कामाचाच भाग, आणि तो शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

धुळ्यात किंवा जळगावात बसून ज्याला हे शिकायचं आहे त्याने क्लासची फी भरण्याआधी घरीच सर्व्हर मुद्दाम पाडून पाहावा. वाइल्डफ्लाय उतरवा, पूलची कमाल मर्यादा दोनवर आणा, कनेक्शन उघडून बंद न करणारा सर्व्हलेट लिहा आणि तीनदा हाक मारा. तिसऱ्या वेळी तीस सेकंद थांबून लॉग वाचा, मग डीबग चालू करून तेच पुन्हा करा.